नऊ बेचाळीसची ओहोटी

फ्रिजवर लिंबाच्या आकाराच्या चुंबकाखाली
अजून तसंच लटकतंय ओहोटीचं वेळापत्रक.
पाच तारखेच्या मंगळवारपर्यंत तुझ्या बारीक फुल्या.
पुढचे रकाने कोरे असते तर बरं झालं असतं, आई.
पण तू पेन्सिलीने डिसेंबरपर्यंत संसार मांडून ठेवलायस :
ब्राइसचा दात. साबेलाला हप्ता. खुराड्याला चुना.

त्या मंगळवारी मी गालिसियापासून दोन विमानं लांब,
बाझेलच्या हॉटेलात चादरींना इस्त्री करत होते.
फोन एप्रनच्या खिशात थरथरला. घेतला नाही,
मुकादमीण समोर उभी होती.
मग ब्राइसने सांगितलं ते वाक्य एवढंसं होतं
की मी म्हटलं, पुन्हा सांग, नीट सांग,
जणू तोच काहीतरी चुकत होता.

एकसष्टावं वर्ष. ना ताप, ना खोकला.
आदल्याच दिवशी दुकानदाराशी कडकडून भांडलेलीस,
नवेकोरे बूट आणि तळवा गळतो म्हणून.

शेजारची रेमेदिओस सांगते, दार उघडंच होतं,
बादली उंबऱ्यात,
तू टेबल आणि चुलीच्या मधे, एक बूट काढलेला, एक पायातच.
बटाटे शिजलेले. गॅस बंद.
मी तीनदा विचारलं : गॅस तू बंद केलास?
नाही ग, म्हणते, बंदच होता.

म्हणजे तेवढा वेळ तुला मिळाला.
छातीत जे झालं ते झालं,
आणि तू हात आधी चुलीकडे नेलास,
आम्हाला एक हाक मारायची सोडून.
यावरून मी तुझ्याशी अजून भांडतेय.

तुझे हात आठवतात, पण लोक म्हणतात तसे मऊ नाहीत.
नखांखाली काळा गाळ, कितीही लिंबू चोळलं तरी.
पहाटे अंगणातल्या नळावर बादल्या विसळून आत यायचीस
आणि आमच्या खाटेपाशी उभी राहायचीस, गप्प,
दोन्ही हात स्वतःच्या काखेत खुपसून.
मी जागीच असायचे. डोळे किलकिले करून मोजायचे :
चाळीस, पन्नास, कधी शंभर.
हातांना ऊब आली की मगच
तू आमचं पांघरूण ओढायचीस.

बाबा उत्तरेच्या समुद्रात तीन-तीन महिने;
आला की पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसायचा.
अरौसाच्या चिखलात कमरेत वाकून
तिसऱ्या खरवडत तूच तिघांना वाढवलंस.
मापाहून लहान असेल ती परत टाकायचीस,
बघणारं कुणी नसलं तरी.
‘राहू दे अजून आईजवळ,’ म्हणायचीस आणि हसायचीस,
दरवेळी, त्याच विनोदाला.

दफनाला बायका थेट खाडीतून आल्या,
गमबुटांचे ओले ठसे चर्चच्या फरशीवर उमटवत.
घरी आलो तर दाराशी तुझी बादली, काठोकाठ भरलेली.
एकेकीने आपल्या वाट्यातली मूठ-मूठ काढून
तुझ्या दिवसाचं वजन पुरं केलं होतं.
साबेलाने पाणी उकळत ठेवलं, मग चूल विझवली.
अंधारात आम्ही तिघं गेलो आणि सगळ्या परत पाण्यात सोडून आलो,
रीत म्हणून नव्हे. खाववेना म्हणून.

आज एकोणीस. ओहोटी नऊ बेचाळीसला.
त्या रकान्यात तुझं अक्षर, खाली दोन रेघा :
उशियाशी बोलायचं.

कशाबद्दल?
घराबद्दल? त्या माणसाबद्दल, ज्याचं नाव मी तुला सांगितलं नाही
आणि तू विचारलं नाहीस?
की नुसतंच, दुकानदार बूट बदलून देतोय, एवढंच?

तुझे बूट सदतीस नंबरचे, माझा पाय एकोणचाळीस.
बोटं आखडून घातलेत.
पाणी मागे सरतंय. रेमेदिओसने लांबून हात केला,
जवळ आली नाही.
डाव्या पायाला गारठा चढत चाललाय,
खरंच गळतो ग तळवा.

बोल.